केरॅटिन ८ व केरॅटिन १८

(जनुके: केआरटी८, केआरटी१८). पेशीला आकार व मजबुती देणाऱ्या पेशीकंकालातील प्रथिनांची जोडी. या जोडीपासून सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे मध्यम तंतू बनतात. माणसात केरॅटिनांची ५४ कार्यक्षम जनुके असून या दोघांची जनुके १२व्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. जोडीदार न मिळालेले केरॅटिन पेशीत टिकत नाही. त्याचे विघटन होते.

निरोगी ऊतके : ही जोडी प्रामुख्याने यकृत, स्वादुपिंड, आतडे यांच्या एकपदरी अभिस्तरात आणि स्तनातील दुग्धनलिकांच्या आतल्या थरात आढळते. गालाचे आतील अस्तर बहुस्तरीय असते. त्याच्या तळच्या थरात केरॅटिन ५ व १४, तर वरच्या थरांत ४ व १३ असतात.

कर्करोग : पेशी कर्करोगी झाली तरी मूळ ऊतकाची केरॅटिने बहुधा टिकून राहतात. म्हणून स्तन, मोठे आतडे व यकृत यांच्या कर्करोगांत ही जोडी ठळक दिसते. लसीका कर्करोगात ती सहसा नसते. मोल, फ्रांके व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मानवी केरॅटिनांची सूची प्रसिद्ध केली. त्यानंतर गाठ कोणत्या ऊतकातली हे ओळखण्यासाठी केरॅटिनांच्या प्रतिपिंडांचा वापर रूढ झाला.

मुखकर्करोग : येथे मात्र मूळ अस्तरात नसलेली जोडी गाठीत प्रकट होते. महाराष्ट्रात तंबाखू व सुपारीमुळे होणाऱ्या मुखकर्करोगाचे ओझे मोठे असल्याने या निरीक्षणाला विशेष महत्त्व आहे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात मिलिंद वैद्य व सहकाऱ्यांनी गालाच्या (१९८९) आणि जीभ व हिरड्यांच्या (१९९६) कर्करोगांतील बदललेली केरॅटिने नोंदवली. पुढे केंद्राच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या संशोधन संस्थेत त्यांच्या गटाने मुखकर्करोगाच्या पेशींत केरॅटिन ८ चे प्रमाण घटवले. तेव्हा पेशींची हालचाल, आक्रमकता व गाठ निर्माण करण्याची क्षमता कमी झाली (२०११). पेशीपृष्ठावरील आल्फा६-बीटा४ इंटेग्रिनमार्फत जाणारे संदेशही बदलले. ही जोडी रोगाची केवळ खूण नसून त्याच्या वाढीत सहभागी आहे, असे यावरून दिसते.

मापनातील दक्षता : ऊतकाच्या तुकड्यात कर्करोगी पेशींसोबत संयोजी ऊतक व रोगप्रतिकारक पेशीही असतात. शिवाय आरएनए व प्रथिन यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही. त्यामुळे आरएनएच्या आकड्यांना सूक्ष्मदर्शकाखालील प्रथिनरंजनाची जोड द्यावी लागते. शेजारच्या निरोगी ऊतकाशी तुलनाही आवश्यक असते, कारण यकृतात स्वाभाविक असलेले केरॅटिन ८ गालाच्या अस्तरात दिसले, तर ते रोगाचे लक्षण असू शकते.