टाइप-सी चार्जर: खरेदीपूर्वी काय तपासावे?

प्रत्येक उपकरणाला वेगळा चार्जर लागला की ग्राहकाचा खर्च वाढतो आणि जुना चार्जर ई-कचऱ्यात जातो. म्हणून समान चार्जिंग पोर्टचा आग्रह धरला जातो.

दोन प्रकारच्या जोडण्या

कंपनीची स्वतःची जोडणी: रचनेचे हक्क एका कंपनीकडे असतात. उदा. ॲपलने २०१२ मध्ये आणलेली लाइटनिंग.
प्रमाणित जोडणी: रचना सर्व उत्पादकांना उपलब्ध असते. उदा. यूएसबी टाइप-सी.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइल फोनसाठी टाइप-सी बंधनकारक केले. आयफोनमध्ये ते २०२३ मध्येच आले.

भारतातील मानक

भारतीय मानक ब्युरोने टाइप-सी केबल व जोडणीसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले असून, जानेवारी २०२३ मध्ये त्याची माहिती जाहीर करण्यात आली. मात्र मानक प्रसिद्ध होणे म्हणजे सक्ती नव्हे. सक्तीसाठी शासनाचा स्वतंत्र आदेश लागतो.

टोक सारखे, तरी वेग वेगळा का?

टाइप-सी हे जोडणीच्या आकाराचे नाव आहे, चार्जिंगच्या वेगाचे नाही. फोन, ॲडॉप्टर आणि केबल या तिघांना एकच जलद चार्जिंग पद्धत चालत असेल तरच पूर्ण वेग मिळतो. काही कंपन्यांची पद्धत त्यांच्याच ॲडॉप्टरवर चालते. इतर ॲडॉप्टरवर फोन चार्ज होतो, पण सावकाश. ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही सामायिक पद्धत आहे. तिच्यात साधी टाइप-सी केबल ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून अधिक शक्तीसाठी विशेष केबल लागते.

वायरलेस उपकरणे

येथेही हाच फरक आहे. ब्लूटूथ माउस ब्लूटूथ असलेल्या बहुतेक संगणकांना जोडता येतो. स्वतःचा यूएसबी रिसीव्हर लागणारा माउस मात्र रिसीव्हर हरवल्यास निकामी ठरू शकतो. वायरलेस चार्जिंगसाठी ‘ची’ हे प्रचलित मानक आहे.

खरेदीपूर्वी

१. ॲडॉप्टरवरील वॉट आणि फोनची गरज पडताळा.
२. खोक्यावर ‘पॉवर डिलिव्हरी’चा उल्लेख आहे का, ते पाहा.
३. ॲडॉप्टरवरील ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा.
४. घरातील चार्जर चालत असेल तर नवा घेऊ नका.
५. बिघडलेला चार्जर घरगुती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५. बिल जपून ठेवा.