गाडीखालचा गार्ड: कामाचा किती, दिखाऊ किती?

शोरूममध्ये गाडी बघायला गेलं की पुढच्या बंपरखाली चंदेरी रंगाची पट्टी दिसते. सेल्समन तिला ‘स्किड प्लेट’ म्हणतो. गाडी दणकट वाटते, शेतापर्यंत खुशाल नेता येईल असं मनात येतं. पण त्या पट्टीवर एकदा टिचकी मारून बघा. बहुतेक गाड्यांत आवाज प्लास्टिकचा येतो. तो बंपरचाच भाग असतो, फक्त रंग वेगळा. दगड लागला तर तडकतो, आणि मागे ऑइल चेंबर असतं तिथपर्यंत तो पोचतच नाही.

खरी स्किड प्लेट ही वेगळी वस्तू. रॅलीच्या गाड्यांना इंजिनाखाली जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची प्लेट असते. दगड आला तर गाडी त्या प्लेटवरून घसरत पुढे जाते, मार चेंबरला बसत नाही. रोजच्या वापरातल्या एसयूव्हींनी तिचं रूप घेतलं, काम बऱ्याचदा सोडून दिलं.

काळजी असते ती चेंबरची. इंजिनाच्या तळाला असलेल्या या भांड्यात ऑइल साठतं. ते पातळ पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियमचं तडकतं, पत्र्याचं चेपतं. चेपलं म्हणजे निभावलं असं नाही, कारण ऑइल ओढणारी जाळी तळाला अगदी जवळ असते. चेपलेला पत्रा तिला टेकला की इंजिनाला ऑइल कमी पडतं. मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा लागला की गाडी जागेवर बंद करायची. ‘पुढच्या गावात मेकॅनिक आहे, तिथपर्यंत नेऊ’ म्हणणाऱ्याचं इंजिन वाटेतच जाम होतं.

आता उंचीचं बघू. माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स छापलेला असतो. स्विफ्टचा १६३ मिलिमीटर, पंचचा १८७. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. जीएसटी कौन्सिलने जुलै २०२३ मध्ये मोठ्या एसयूव्हींच्या जादा करासाठी १७० मिलिमीटरची अट स्पष्ट केली, तीही रिकाम्या गाडीवरच मोजायची. आपल्याकडे गाडी रिकामी जाते कधी? पाच माणसं, डिकीत सीएनजीची टाकी, वर खताची दोन पोती. गाडी तेवढी खाली बसते.

त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूच चढून उतरता येईल असा हवा. गावागावांत रातोरात घातलेले अरुंद उंचवटे या मापात कुठेच बसत नाहीत, आणि गाडी घासते ती तिथेच.

चाकांवरच्या कमानीचं काळं प्लास्टिक मात्र अगदीच बिनकामाचं नाही. उडणारी खडी आणि बांधावरच्या बाभळीचे ओरखडे ते रंगाऐवजी स्वतःवर घेतं. इंजिनाखालचं कंपनीचं पातळ प्लास्टिक कव्हर चिखल आणि पाणी अडवतं. दगडाचा मार अडवणं त्याच्याकडून होत नाही.

ज्यांची गाडी रोज पाणंद रस्त्याने जाते त्यांनी बाहेरून लोखंडी चेंबर गार्ड बसवायला हरकत नाही. फक्त काही गोष्टी तपासून घ्याव्यात. गार्ड चेसिसच्या किंवा क्रॉसमेंबरच्या बोल्टवर बसला पाहिजे; प्लास्टिकला किंवा नुसत्या पत्र्याला अडकवलेला गार्ड पहिल्याच दणक्यात लोंबतो. चेंबर आणि प्लेट यांच्यात मोकळी जागा हवी, नाहीतर वाकलेली प्लेटच चेंबरवर आदळते. ऑइल सोडायला खाली भोक हवं, नाहीतर प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड उतरवावा लागतो. आणि गार्डमुळे गाडीची खालची उंची थोडी कमी होते, हे कुणी सांगत नाही.

ऊसपट्ट्यात आणखी एक गोष्ट. गार्डवर पाचट आणि वाळलेलं गवत साठतं. ते तापलेल्या सायलेन्सरला लागलं तर पेट घेऊ शकतं. शेतातून आल्यावर वाकून हात फिरवावा, पण गाडी थंड झाल्यावरच. काळ्या मातीचा चिखल तसाच वाळू दिला तर गंजही लवकर धरतो.

गार्ड असो वा नसो, वाटेतला मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढू नये. बाजूने जावं, जमलं नाही तर हळूच चाक त्यावर चढवावं. चाकोरी खोल असेल तर एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर ठेवावीत.

विम्याचं आधीच माहीत असलेलं बरं. दगड लागून चेंबर फुटलं तर पूर्ण विम्यात, म्हणजे नुसता थर्ड पार्टी नव्हे, तो अपघात धरला जातो. पण फुटल्यावर गाडी तशीच चालवून इंजिन जाम झालं, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचा खर्च सहसा मिळत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाची जोड पॉलिसी वेगळी घ्यावी लागते, तिच्याही अटी वाचून घ्याव्यात. त्यामुळे ऑइल सांडलेलं दिसलं की जागेवरच मोबाईलवर फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावं आणि गाडी टोचन करून न्यावी. टोचन करतानाही इंजिन चालू करू नये.