कल्हईचा धडा

मुंबईच्या चाळींत असो, वा बुलढाणा जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या सोनाळ्यास असो, हातांतल्या फोनची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकूं लागते, ही तक्रार एकच. पितळेच्या भांड्याची कल्हई झिजली कीं ताक कळकतें. त्यावर कल्हईवाला हा उपाय. बॅटरीलाही कल्हई असते. पण बंद डब्यांत कल्हईवाला शिरूं शकत नाहीं. त्या कल्हईचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९७६ मध्यें एक्सॉन कंपनीच्या व्हिटिंगहॅम यांनीं पुन्हा भरतां येणारी लिथियमची बॅटरी जगापुढें मांडली. पण लिथियम मोठें तापट. भोंवतालच्या द्रवाशीं संयोग पावून त्यावर पापुद्रा धरे. हा पापुद्रा लिथियमच्या भारित कणांना वाट देतो व द्रवाला अडवितो, हें १९७९ मध्यें तेल अवीवच्या इमॅन्युएल पेलेड यांनीं उलगडून दाखविलें. १९९० मध्यें कॅनडांत डान व त्यांचे सहकारी यांनीं ग्रॅफाइटवरही पहिल्या भरणींत असेंच कवच बनतें, हें दाखविलें. दुसऱ्याच वर्षीं सोनी कंपनीची, कार्बनवर चालणारी लिथियम बॅटरी बाजारांत आली.

शास्त्रज्ञांचा लोभ मात्र सिलिकॉनवर. एक ग्रॅम ग्रॅफाइटमध्यें ३७२ मिलिअँपिअर-तास वीज सांठते. सिलिकॉनमध्यें सुमारें ३,५७९. पण लिथियम पोटांत घेतांना सिलिकॉन जवळजवळ चौपट फुगतें आणि रितें होतांना आक्रसतें. दर वेळीं कवच तडकतें, नवें बनतें, आणि त्यांत द्रव व लिथियम दोन्हीं खर्चीं पडतात. कल्हई रोज उतरावी व रोज चढवावी, असा हा आंतबट्ट्याचा व्यवहार!

२००२ मध्यें जपानांत योशिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सिलिकॉनवर कार्बनचा लेप चढविला. द्रवाचा थेट स्पर्श टळला. पण घट्ट अंगरख्यांत वाढतें अंग किती दिवस मावणार? २०१२ मध्यें स्टॅनफर्डच्या यी कुई यांच्या प्रयोगशाळेनें निराळी युक्ति काढली. सुक्या नारळांत करवंटीपासून सुटलेला खोबऱ्याचा गोटा खुळखुळतो. तसा सिलिकॉनचा कण त्यांनीं कार्बनच्या कवचांत सुटा ठेविला. फुगण्यास जागा मिळाली, कवच शाबूत राहिलें, आणि हजार आवर्तनांनंतरही ७४ टक्के क्षमता टिकली.

मात्र ती मोकळी जागा बॅटरीच्या आकारमानांतूनच वजा होते, आणि असें कवच घडविणें खर्चाचें. म्हणून आजही सिलिकॉन बहुधा ग्रॅफाइटमध्यें थोडें मिसळूनच वापरतात. भांड्याची कल्हई घट्ट बसली कीं काम झालें; येथें मात्र राखणाऱ्यानें वाढणाऱ्याला जागाही द्यावयाची आहे. तो हिशेब स्वस्तांत जमेल, तेव्हां सोनाळ्याची व मुंबईची तक्रार एकदमच कमी होईल.