एका सुरीची झीज

इतिहासाच्या पुस्तकात सुरी-कट्यारीला जागा मिळते ती बहुधा ती कुणाच्या तरी अंगात शिरल्यावर. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी जी पाती निघाली त्यांची नावे आमच्या शाळेतल्या लहानातल्या लहान पोरालाही पाठ असतात. पण जी सुरी जन्मभर साल सोलीत, दोर कापीत, मांसाचे तुकडे करीत मालकाच्या कमरेला राहिली, तिची बखर कोण लिहिणार? तिने सांगण्यासारखे काही केलेलेच नसते. ती नुसती झिजलेली असते.

ह्या झिजेकडे माझे लक्ष वेधले ते आमच्या गावच्या लोहाराने. घरात आजोबांच्या वेळचा एक कोयता आहे. काही वर्षांपूर्वी मी तो धार लावायला नेला. लोहाराने तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने धार चाचपली आणि तसाच माझ्या हातात परत देत म्हणाला, "मास्तर, ह्याच्यातलं पोलाद संपलं. आता हे नुसतं लोखंड. कितीही पाजळा, धार धरायचं नाही." कोयत्याच्या लोखंडी अंगाला धारेच्या बाजूने पोलाद घातलेले असते, ते तीन पिढ्यांच्या पाजळण्यात सरले होते. मी दुकानातला एक नवा कोयता शेजारी धरून पाहिला. आमचा चांगला दोन बोटे अरुंद भरला. ती दोन बोटे गेली कुठे, ह्या विचारात मी घरी आलो. ती अंगणातल्या निसण्यावर गेली होती, रोज थोडी थोडी, कुणाच्या लक्षात न येता.

ह्यानंतर आल्प्स पर्वतात सापडलेल्या एका सुरीची हकीकत वाचनात आली, तेव्हा ती मला परकी वाटली नाही. तिचा मालक आता जगप्रसिद्ध आहे. १९ सप्टेंबर १९९१ रोजी हेल्मुट आणि एरिका सिमोन हे जर्मन दांपत्य ऑस्ट्रिया आणि इटली ह्यांच्या सरहद्दीवरच्या डोंगरातून उतरत असता, ३,२१० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर, त्यांना वितळत्या बर्फातून वर आलेले एक प्रेत दिसले. कुणी दुर्दैवी गिर्यारोहक असावा असे समजून लोकांनी ते बर्फ फोडण्याच्या यंत्राने उकरले आणि त्या भरात त्याच्या कमरेला इजा केली. पाच दिवसांनी इन्सब्रुक विद्यापीठातले पुरातत्त्वज्ञ कोनराड स्पिंडलर ह्यांनी शेजारी सापडलेली कुऱ्हाड पाहिली आणि हा माणूस निदान चार हजार वर्षांपूर्वीचा आहे असे सांगितले. पुढे कार्बन-मापनाने काळ ठरला तो इसवी सनापूर्वी ३३५० ते ३१०० च्या दरम्यानचा. ज्या ओत्झ खोऱ्याच्या माथ्यावर तो सापडला त्यावरून लोक त्याला ओत्झी म्हणू लागले. मग दोन्ही देशांनी मोजणीदार पाठविले आणि प्रेत इटलीच्या हद्दीत ९२.५६ मीटर आत निघाले. एवढ्या अंतराचे महत्त्व बेळगावकडच्या वाचकाला निराळे समजावून सांगावयास नको! १९९८ पासून ते बोल्झानोच्या संग्रहालयात उणे सहा अंश थंडीत जपून ठेवलेले आहे.

लेखकांचे आणि चित्रकारांचे सारे प्रेम त्याच्या कुऱ्हाडीवर. ती शुद्ध तांब्याची आहे, यू झाडाच्या लाकडी दांड्यात बसवलेली आहे, आणि तिचे तांबे दूर दक्षिण टस्कनीतून आले असे २०१७ साली सिद्ध झाले. दिमाखदार वस्तू आहे, प्रश्नच नाही. मला मात्र तिच्याजवळची सुरी अधिक बोलकी वाटते. मुठीसकट सारी लांबी सुमारे तेरा सेंटिमीटर. पाते चकमकीच्या दगडाचे, मूठ ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची. पाते हलू नये म्हणून जनावराची तात करकचून गुंडाळलेली, मुठीच्या शेवटाला खाच पाडून तीत दोरी बांधलेली. म्यान लिंडन झाडाच्या अंतर्सालीचे, विणलेले, पट्ट्याला अडकवण्याची सोय केलेले. आपल्याकडचा शेतकरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवतो, त्यात आणि ह्यात फरक तो काय?

ह्या सुरीबरोबर एक चमत्कारिक वस्तू सापडली. प्रथम ती काय असावी हे कुणाला उमगेना. बोटाएवढी जाड, बारा सेंटिमीटरला किंचित कमी अशी लाकडाची कांडी, तिच्या पोटात सांबरशिंगाची मेख ठोकलेली, आणि मेखेचे टोक तेवढे बाहेर डोकावणारे. हुबेहूब शिसपेन्सिल! ही त्याची धार लावण्याची कांडी होती. लोखंड घासून पाजळता येते. चकमकीच्या दगडाला घासून भागत नाही. त्याच्या कडेवर शिंगाचे टोक टेकवून नेमका दाब दिला की दगडाचा बारीक टवका उडतो आणि खाली नवी, वस्तऱ्यासारखी कड निघते. शिंग झिजले की भोवतीचे लाकूड तासावयाचे, म्हणजे आतले टोक पुन्हा वर येते. वर्गात मागच्या बाकावर बसून पेन्सिलीला टोक काढणारी पोरे मी रोज पाहतो. ही क्रिया पाच हजार वर्षांपूर्वी एक प्रौढ माणूस डोंगरात बसून करीत असे, ह्या कल्पनेने मला फार बरे वाटले.

पण प्रत्येक टवक्यागणिक पाते अरुंद होते. २०१८ साली फ्लॉरेन्सच्या उर्सुला व्हीरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओत्झीची सारी दगडी हत्यारे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. सुरी, खरवडणी, टोचा, बाणांची दोन टोके, एक छिलका. एवढीच त्याची दौलत. ती पुन्हा पुन्हा धार लावून इतकी लहान झाली होती की बहुतेकांचे आयुष्य संपत आले होते. सुरीचे तर टोकही मोडलेले. हत्यारांवरच्या खुणांवरून तो उजवा होता हे कळले, त्यातली काही त्याने थोड्याच दिवसांपूर्वी पाजळली होती हेही कळले. दगड आजच्या त्रेंतिनो प्रदेशातल्या निदान तीन निरनिराळ्या ठिकाणांचा. काही ठिकाणे त्याच्या वस्तीपासून सत्तर किलोमीटरपर्यंत लांब असावीत. आणि नवे पाते काढावे असा कोरा दगड त्याच्याजवळ एकही नव्हता.

येथे मला आमचा लोहार आठवतो. पोलाद संपले की माणूस लोहाराकडे जातो. ओत्झीला त्या दिवसांत दगडापर्यंत जाता आले नाही. का, ते पुराव्यावरून थोडेफार जुळवता येते. त्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि तर्जनी ह्यांच्यामध्ये, खोल जखम आहे. ती मरणापूर्वी काही दिवस झालेली, भरू लागलेली. म्हणजे कुणाशी तरी गाठ पडली होती. त्याचे धनुष्य अर्धवट तासलेले, भात्यातल्या चौदा बाणांपैकी बारा अपुरे, पुरे होते ते दोन मोडलेले. शिंगाच्या कांडीवर जोर द्यावयाचा तो ह्याच हाताने. म्हणून कामे खोळंबली असावीत असा तर्क आहे आणि तो मला पटतो. २००१ साली क्ष-किरणांनी त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचे दगडी टोक दाखवले, तेव्हा शेवट कसा झाला ते कळले. मारणाऱ्याने ती मोलाची कुऱ्हाड नेली नाही. कशी नेली नाही, ह्यावर एक कादंबरी होईल. पण तो मोह आवरतो.

शाळेत मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो: अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग. खाली रेघ, पुढचा धडा. जणू घंटा झाली आणि साऱ्यांनी दगड खाली ठेवून तांबे उचलले! ह्या माणसाच्या हाताशी तांबे आणि दगड एकाच वेळी होते. आपल्याकडेही निराळे नव्हते. १९५०-५१ साली हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव ह्यांनी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी खणले. तेथे तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या आणि गारेची लहान लहान पातीही मिळाली. हे लोक ओत्झीच्या मानाने पुष्कळ अलीकडचे, पावणेदोन-दोन हजार वर्षांनंतरचे. तरी त्यांचे रोजचे कापणे-सोलणे गारेवरच चाले. तांबे दुर्मिळ, आणि गार नदीच्या पात्रात. आमचा 'ताम्रपाषाण' हा शब्द अशा वेळी फार प्रामाणिक वाटतो. आता फळ्यावर मी त्या तीन युगांमध्ये रेघ मारीत नाही. तपासनीसाने एकदा कारण विचारले. ते सांगता सांगता तास संपला.

मरणापूर्वी फार वेळ झाला नव्हता, एवढ्यात ओत्झी पोटभर जेवला होता. रानबोकडाचे चरबीदार मांस, सांबराच्या जातीच्या हरणाचे मांस आणि एक प्रकारचा जुना गहू त्याच्या पोटात सापडला. ते मांस त्याने ह्याच टोक मोडलेल्या सुरीने कापले असेल. दुसरी सुरी त्याच्याजवळ नव्हती. दुखऱ्या हाताने, बेताने, मांडीवर ठेवून. मग ती पुसून म्यानात घातली असेल.

आमचा कोयता अजून पडवीत खुंटीला आहे. लोहार म्हणतो, नवे पोलाद घालून देतो, पण जुन्या लोखंडाला ते धरेल की नाही ह्याची हमी नाही. मी अजून नेलेला नाही.