पक्की शाई

बाटलीवर ‘पर्मनंट’ लिहिलेलं असतं. कशापुढे पर्मनंट, ते नसतं. पाणी, ऊन आणि काळ या तीन वेगळ्या परीक्षा आहेत, आणि तिन्हींत पहिला नंबर काढणारी शाई मला तरी अजून भेटलेली नाही.

हे खूळ डोक्यात शिरलं कारण सध्या शनिवार-रविवारी बाबा जुन्या आठवणी सांगतात आणि मी त्या फाउंटन पेनने वहीत उतरवून घेतो. (संगणकावर का नाही? २००३ साली राइट केलेल्या माझ्या सीडी आज उघडत नाहीत, म्हणून.) वही माझ्या नातवंडांना वाचता यायला हवी, एवढीच अट.

आपल्याकडची जुनी शाई म्हणजे काजळी आणि डिंक. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिलाय, बोरूपासून कागदापर्यंत सगळं त्यात आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही काळेभोर दिसतात, ते या काजळीमुळे. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन, ऊन-वारा त्याचं काही बिघडवू शकत नाही. पण ती कागदावर फक्त डिंकाने चिकटलेली असते. पाणी पडलं की डिंक सुटतो, आणि अक्षरही.

दुसरं घराणं लोहाच्या शाईचं. हिराकस आणि मायफळ किंवा हिरडा. हिरड्यातलं टॅनिन लोहाशी जुळतं, ताजं असताना फिकट दिसतं, आणि हवा लागली की कागदाच्या तंतूंतच काळं होऊन बसतं. मग पाण्याने हलत नाही. आणि हिरडा तर आपल्या घरचाच! १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी. या प्रांतातला हिरडा कातडी कमावायला थेट विलायतेला जायचा, तिथल्या बाजारात हिरड्याच्या एका प्रतीचं नावच ‘जबलपूर’ होतं.

फिकट शाईने लिहिताना अक्षर दिसणार कसं? इंग्लंडमध्ये हेन्री स्टीफन्सने १८३० च्या दशकात त्यात निळा रंग घातला. लिहिताना निळी, नंतर काळी. ‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव तिथून आलं. आपल्याकडे १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईच्या पुड्या आणि वड्या सुरू केल्या, त्याचीच पुढे कॅमलिन झाली. भारतीय मानकांत तर लोहाच्या फाउंटन पेन शाईचं वेगळं मानक आहे, आयएस २२०, लोह ०.१ टक्का. नुसत्या रंगाच्या शाईचं मानक वेगळं. म्हणजे हा फरक सरकारलाही मान्य आहे, फक्त दुकानदाराला विचारून बघा!

मी तीन शाया घेतल्या: साधी रॉयल ब्लू, एक ‘पर्मनंट’ काळी आणि लोहाची ब्लू-ब्लॅक. एक पट्टी रात्रभर पाण्यात, दुसरी अर्धी पुठ्ठ्याने झाकून पश्चिमेच्या खिडकीला. नागपूरचा मे महिना असताना वेगळी लॅब कशाला हवी? पाण्यात रॉयल ब्लू गेलीच. ‘पर्मनंट’ काळीची राखाडी सावली उरली. ब्लू-ब्लॅक जागची हलली नाही. तीन आठवड्यांच्या उन्हात मात्र तिचाही निळा रंग उडाला, खाली तपकिरी-काळं अक्षर राहिलं. वाचता येतंय ना, मग झालं.

आता तोटे. ही शाई आम्लयुक्त असते, आम्ल नसेल तर बाटलीतच गाळ बसेल. तेच आम्ल हळूहळू स्टीलची निब खातं, आणि जास्त तीव्र असेल तर कागदही. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पेन चार दिवस पडून राहिलं की फीडमध्ये गाळ धरतो. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई भरायचा मोह होईल, पण तिच्यात लाख असते. एकदा सुकली की पेन गेलं.

मी दर दुसऱ्या रविवारी निब साध्या पाण्याने धुतो. पाण्यात आधी निळा धूर निघतो, मग मळकट काळा. तो थांबेपर्यंत पाणी बदलत राहायचं.