सात हाडं की तीन?

मंडळी, जरा आपल्या छातीवर हात ठेवा. गळ्याखाली खळगा लागतो ना, तिथून बोट सरळ खाली आणा. दोनेक इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या वरचा रुंद भाग म्हणजे मूठ, खालचा लांबट भाग म्हणजे पातं, आणि शेवटी पोटाच्या वर एक लहानसं टोक. शरीरशास्त्रज्ञांनी या हाडाला तलवारीचीच उपमा दिली आहे. हे आपलं उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड. मोठ्या माणसात त्याचे भाग तीन. पण या तीनवरून सोळाव्या शतकात एक गुरू आपल्या शिष्यावर कमालीचा चिडला होता.

दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलेन. त्याने लिहून ठेवलं होतं की या हाडाचे तुकडे सात. त्या काळच्या रोममध्ये माणसाचं प्रेत फाडत नसत, म्हणून त्याने माकडं आणि इतर प्राणी फाडून पाहिले. पुढे जवळजवळ तेराशे वर्षं त्याचा शब्द प्रमाण मानला गेला. अध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचायचा आणि खाली न्हावी प्रेत चिरायचा. दोघांची गाठ पडतच नव्हती!

आंद्रेआस व्हेसालियस पादुआला शिकवताना स्वतः खाली उतरला, सुरी हातात घेतली. 1543 साली बासेल इथे त्याचा ग्रंथ छापला गेला, तेव्हा तो 28 वर्षांचा होता. त्यात त्याने सांगितलं, भाग तीन. पॅरिसमधले त्याचे गुरू याकोबुस सिल्वियस संतापले. 1551 साली त्यांनी शिष्याच्या नावावर कोटी करून त्याला ‘व्हेसानुस’, म्हणजे वेडा, ठरवलं. आणि युक्तिवाद काय? गॅलेन चुकलेला नाही, माणसाचं शरीरच बदललं आहे. पूर्वीच्या धिप्पाड माणसांच्या छातीत हाडं जास्त असतील, आताची माणसं खुरटली.

आपण हसतो. पण नीट बघा, सिल्वियस मूर्ख नव्हते, उत्तम शरीरशास्त्रज्ञ होते. शिवाय लहान मुलात पात्याचे तुकडे खरोखर वेगवेगळे असतात. कूर्चेने जोडलेले हे तुकडे साधारण पंचविशीपर्यंत एकजीव होतात. म्हणजे कुणाचं हाड मोजलं, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. त्यांची चूक आकड्यात नव्हती. त्यांनी असं उत्तर शोधलं, की कितीही प्रेतं समोर आणा, ‘हे आजचं शरीर आहे’ एवढं म्हटलं की संपलं. जे कशानेच खोटं ठरू शकत नाही, ते विधान आपल्याला काहीच शिकवत नाही.

एक कबुली देतो. नोकरीत असताना एका विद्यार्थिनीने माझ्या टिपणातली चूक दाखवली. मी म्हणालो, ‘तुमच्याकडची आवृत्ती वेगळी असेल.’ ती गप्प बसली. घरी येऊन पुस्तक उघडलं, तर तिचंच बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र मी तो विषय काढलाच नाही. आज इतक्या वर्षांनी तुमच्यासमोर काढतो आहे.

गुरूबद्दल आदर जरूर असावा. पण ग्रंथ आणि हाड यांचं जुळेना, तर आधी हाड पुन्हा मोजावं. हाडाला खोटं पाडू नये.