पिंपरीत गाड्यांच्या आधी बुरशी आली

मागच्या पावसाळ्यात चाकणहून घरी येताना मोशीच्या ट्रॅफिकमध्ये करकचून ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरची किटली आडवी झाली. किटलीत दीड लिटर चीक होता. पहिल्या दिवसाचा, पिवळाधमक. ऑफिसातल्या मित्राने आजीच्या खरवसासाठी गावाहून आणून दिलेला. घरी पोचेपर्यंत निम्मा सीटनेच पिऊन टाकला होता.

मग मी तेच केलं, जे बहुतेक जण करतात. उकळतं पाणी ओतलं, ब्रशने घासलं, वरून परफ्यूम मारला. चौथ्या दिवशी गाडीत लिंबू आणि उलटी असा मिळून वास येऊ लागला. आठवड्याने मॅट उचलली, तर कार्पेटवर पांढरी बुरशी.

आजीला दमा आहे. तिला दवाखान्यात याच गाडीतून न्यायचं असतं. त्या शनिवारी ती जेमतेम दोन मिनिटं बसली, पदर नाकाला लावून खोकत उतरली आणि म्हणाली, "रिक्षा बघ रे."

आजोबा गॅलरीतून बघत होते. ते एचएमध्ये फर्मेंटेशनला होते. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. मी वर गेल्यावर एवढंच म्हणाले, "वासाला काय शिव्या देतोस? तिथं जेवतंय कोण, ते बघ."

आपण पिंपरी-चिंचवडला गाड्यांचं शहर म्हणतो. टेल्को आणि बजाज इथे १९६० च्या दशकात आल्या. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. पण एचए त्या सगळ्यांच्या आधीची, १९५४ ची. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला. इथे पेनिसिलिन बनायचं, म्हणजे मुद्दाम बुरशी वाढवली जायची. मोठमोठ्या टाक्यांत साखर आणि इतर खाद्य, वरून गाळून निर्जंतुक केलेली हवा.

"बुरशी वाढवणं अवघड नाही," आजोबा म्हणाले. "नको ते वाढू न देणं अवघड." टाकीत बाहेरचा एखादा जिवाणू शिरला, तर तो बुरशीचं खाद्य खातो, काही जिवाणू तर तयार झालेलं पेनिसिलिनच तोडून टाकतात. बॅच वाया. म्हणून आधी वाफेने टाकी, पाइप, सांधे, कोपरे सगळं निर्जंतुक करायचं. अत्तर शिंपडून बॅच वाचत नाही.

याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांना बुरशी मारणारं एक औषध सापडलं. नाव हॅमायसिन. ते तयार करणाऱ्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव असलेला जिवाणू! ज्या गावाने बुरशी पाळली, त्याच गावाने तिच्यावर औषधही शोधलं. आणि मी त्याच गावात लिंबाच्या वासाची डबी विकत घेत होतो.

मग पहिली चूक लक्षात आली. चीक गरम केला की घट्ट होतो, खरवस तसाच तर होतो. उकळतं पाणी ओतून मी सीटच्या फोममध्ये खरवस वाफवला होता. जिवाणूंना महिनाभराचं जेवण.

दुसऱ्या दिवशी बोल्ट काढून मागच्या सीटची गादी बाहेर घेतली. कार्पेटखालचं भिजलेलं फेल्ट तोंडाला मास्क लावून काढलं आणि फेकून दिलं. गादीला गार पाणी. घासायचं नाही, दाबून टिपायचं. मग एन्झाइमवालं क्लीनर, चीक जितका खोल गेला तितकं खोल. त्यातलं प्रोटीज प्रथिनं तोडतं, लायपेज चरबी. घाई केली तर काही होत नाही, म्हणून ओल टिकावी यासाठी रात्रभर प्लास्टिक झाकून ठेवलं. गंमत म्हणजे ही एन्झाइम्ससुद्धा बहुतेक अशाच टाक्यांत जिवाणू वाढवून काढतात. सकाळी धुऊन व्हॅक्यूमने पाणी ओढलं, उरलेल्या आंबट वासाला खायचा सोडा. ऊन नव्हतं, म्हणून दोन दिवस पंख्यासमोर. ओल राहिली असती, तर सगळं पहिल्यापासून. शेवटी एसीचा केबिन फिल्टर बदलला.

आजोबा रोज खाली येऊन गादीच्या शिवणीत बोट घालून बघायचे. तिसऱ्या दिवशी बोट कोरडं निघालं. काही न बोलता ते वर गेले आणि आजीला घेऊन आले.

आजी मागच्या सीटवर बसली. मी आरशातून तिच्याकडे बघत होतो. तिने एक मोठा श्वास घेतला, पदर खांद्यावर नीट केला.

"काच वर कर," ती म्हणाली. "आणि एसी लाव."